शेटकारांचं अप-डाऊन

शेषेराव बिरादार ऑफिसात रोज उशिरा यायचे आणि उशिरा आल्याबद्दल त्यांना रोज चहा मिळायचा. संगमेश्वर शेटकारांना पोटातून जाळणारी गोष्ट ती हीच.

ऑफिस लातुरात. कशाचं ते विचारू नका. सरकारी म्हणावं तर पुरतं सरकारी नाही आणि खाजगी म्हणावं तर त्या वेगानं तिथं काहीच हलत नाही, असं कुठल्याशा महामंडळाचं जिल्हा कार्यालय. शेटकार तिथं आस्थापना सांभाळायचे, म्हणजे कोण किती वाजता आलं आणि कुणाची किती रजा उरली याचा हिशेब ठेवायचे. त्यांचं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. इतकं जवळ, की घरी कुकरची शिट्टी झाली की शेटकार टेबलावर बसून सांगायचे, "आज वरण आहे." अशा माणसाला उशीर व्हायची सोयच नसते. चौदा वर्षं ते दहाच्या ठोक्याला हजर होते आणि चौदा वर्षांत एकानंही त्यांना "आलात का?" असं विचारलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाला कोण विचारतं?

आणि बिरादार! बिरादार उदगीरहून रेल्वेनं अप-डाऊन करायचे. अकराच्या सुमाराला दारात उभे राहायचे, केस विस्कटलेले, खांद्यावर पिशवी, शर्टाचं एक टोक बाहेर. ते खुर्चीत बसत नसत, खुर्चीत पडत. लगेच वर्षाराणी मॅडम संगणक सोडून उठायच्या.

"गाडी लेट?"

"लेट?" बिरादार डोळे मिटून म्हणायचे. "लेट म्हणता मॅडम? लातूर रोड जंक्शनला थांबून राहिली, थांबून राहिली, डब्यातले दोघं-तिघं दाढी करून आले. लई परेशानी हाय बगा."

"अगं बाई!" म्हणत मॅडम आपल्या थर्मासातला चहा ओतायच्या. तो थर्मास शेटकारांच्या टेबलापासून एका हातावर असायचा आणि त्यातला थेंबही शेटकारांच्या दिशेनं कधी वळला नव्हता. मग आतून साहेब यायचे. साहेबांचं नाव आनंदराज, स्वभाव कडक; पण बिरादारांना बघून त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. "आलात? दम खा जरा. काम कुठं पळतंय?" आणि साडेचार वाजले की अख्खं ऑफिस बिरादारांना निघा निघा म्हणायचं, कारण गाडी चुकायची. येताना लेट असणारी गाडी जाताना कशी काय वेळेवर असते, हा प्रश्न शेटकार सोडून कुणालाच पडत नव्हता.

एकदाच, फक्त एकदाच, पोट बिघडल्यामुळं शेटकारांना वीस मिनिटं उशीर झाला. साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले होते, "शेटकार, तुम्ही? मागच्या गल्लीतून? रांगत आलात का?"

सगळं ऑफिस हसलं. बिरादारही हसले, मॅडमचा चहा हातात धरून.

'रांगत' हा शब्द शेटकारांच्या मनात जाऊन बसला तो बसलाच. हेवा कुणाला कुठं होतो, कुणाला कुठं. शेटकारांना तो कानात व्हायचा. 'गाडी लेट' एवढं कानावर पडलं की पाळ्या गरम व्हायच्या. रात्री ते मंजुश्रीला, म्हणजे बायकोला, बिरादारांच्या गोष्टी सांगायचे आणि ती माउली म्हणायची, "बिचारे! किती हाल!" घरातसुद्धा तेच.

शेवटी एका रविवारी भाकरी मोडता मोडता शेटकार म्हणाले, "मंजुश्री, आपण उदगीरला राहायला जाऊ."

मंजुश्रीचं माहेर उदगीरचं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षांत सासुरवाडीला शेटकार सलग दोन रात्री राहिले नव्हते. तिच्या हातातलं उलथनं तव्यावरच थांबलं.

"काहून?"

"तुझ्या आईअप्पांचं वय झालं. कुणीतरी जवळ पाहिजे. शिवांश पुण्याला शिकायला गेलाय, आपलं इथं काय अडकून पडलंय? मी करीन अप-डाऊन. बिरादार करतात की."

अप्पांचं, म्हणजे गुरुबसप्पांचं वय झालं होतं हे खरं; पण या वयात ते आपल्या किराणा दुकानात साखरेचं पोतं एकट्यानं उचलून ठेवत. तरीही मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. असा नवरा आपल्याला मिळाला आणि वीस वर्षं आपल्याला कळलंच नाही, असं तिला वाटलं. तिनं तिथल्या तिथं आईला फोन लावला. पलीकडून मल्लम्मांचा "अय्यो, यप्पा!" असा आनंदाचा आवाज आला. आता मागं फिरायची वाट बंद झाली.

बातमी गल्लीत पसरली. शेजारचे रामलिंगअप्पा, निवृत्त कंडक्टर, कपाळाला विभूती लावून सकाळीच ओट्यावर येऊन बसले.

"बदली झाली?"

"नाही."

"मंजुश्रीशी भांडण?"

"नाही हो अप्पा. सासू-सासऱ्यांची सेवा."

रामलिंगअप्पा ओट्यावर पुढं सरकले. "शेटकार, उदगीरचे लोक लेकरांच्या क्लाससाठी लातूरला खोल्या शोधून राहिलेत. खोली न्हाई तर जिना मागून राहिलेत. आणि तुम्ही बांधलेलं घर सोडून तिकडं चाललात? बरं, जायचंच तर बसनं जा. रेल्वेचा काय भरवसा? कव्हा येईल, कव्हा न्हाई."

"तेच तर," शेटकार बोलून गेले आणि मग घाईनं म्हणाले, "म्हणजे, सहन करायचं."

ऑफिसातली अडचण मोठी होती. नियमाप्रमाणं कर्मचाऱ्यानं मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावातच, राहायचं असतं. कुणी राहत नाही. पण राहतो असं सगळे लिहून देतात, आणि तो कागद शेटकारांच्याच कपाटात असतो. आस्थापनेच्या माणसानं नियम मोडावा कसा? त्यांनी रीतसर अर्ज केला : मुख्यालयाबाहेर राहण्याची परवानगी मिळावी.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला.

"शेटकार, माझ्या नोकरीत मी मुख्यालयी राहतो म्हणून खोटं लिहून देणारे शेकड्यांनी पाहिले. राहत नाही म्हणून खरं लिहून देणारा तुम्ही पहिला. हा अर्ज मंजूर करायचा कोणत्या कलमाखाली?"

"तेच मी शोधतोय, साहेब."

"सापडलं की सांगा. तोपर्यंत हा कागद मी बघितला नाही."

अशी परवानगी मिळाली. त्याच संध्याकाळी मंजुश्रीनं कळवलं की घर रिकामं ठेवायला नको म्हणून तिनं ते देऊन टाकलंय.

"कुणाला?"

"बिरादार भाऊजींना. तुम्हीच म्हणत होता ना, त्यांचे लई हाल होतात. त्यांची सृष्टी इथं क्लासला लागली, तर खोली मिळंना. मी म्हटलं, आमचंच घर घ्या की. अकरा महिन्यांचा करारसुद्धा करून टाकला त्यांनी. रडायला आलं होतं हो त्यांना!"

शेटकारांनाही रडायला आलं होतं. पण त्या दोन रडण्यांत फरक होता.

पहिल्या दिवशी शेटकार उदगीर स्टेशनावर उभे होते ते एखाद्या वधूपित्यासारखे. खांद्यावर पिशवी, पिशवीत मल्लम्मांनी बांधलेले धपाटे आणि शेंगांची चटणी, मनात लेट गाडीवर बोलायची दोन-तीन वाक्यं पाठ. "लातूर रोडला थांबून राहिली" हे बिरादारांचं झालं, आपण काहीतरी वेगळं म्हणू, असंही त्यांनी ठरवलं होतं.

गाडी वेळेवर आली.

होतं एखादे दिवशी, असं म्हणून ते अप-डाऊनवाल्यांच्या डब्यात चढले. खिडकीजवळची एक जागा रिकामी दिसली. ते बसायला वाकले तसे समोरचे चौघं एकदम म्हणाले, "तिथं नको!"

"का हो?"

"ती बिरादार साहेबांची जागा."

"पण बिरादार आता लातूरला राहतात."

"तेच न," त्यातला वीरेश नावाचा एक जण खोल आवाजात म्हणाला. हा लातुरात कुठल्याशा दवाखान्यात औषधं द्यायचा. "बारा वर्षं बसला तो माणूस तिथं. काय माणूस होता!"

"आहे अजून," शेटकार म्हणाले.

"असू द्या. जागा तर रिकामीच वाटते न." असं म्हणून त्यानं त्या जागेवर आपला डबा ठेवला, आणि शेटकार आपल्या भाडेकरूच्या आठवणीशेजारी दांडीला धरून लातूरपर्यंत उभे राहिले.

लातूर रोडला गाडी थांबली, दोन मिनिटं. शेटकार आशेनं खिडकीबाहेर बघत होते तोच निघाली. ऑफिस उघडायच्या आधी ते ऑफिससमोर हजर. कुलूप. ते जिन्यावर बसले. मागच्या गल्लीतून फोडणीचा वास आला. ती त्यांच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती.

"अरे, साहेब! इथं काहून बसलात? घरी या की, घरी या!"

बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून बिरादार कोपऱ्यावर उभे होते. ते शेटकारांना हाताला धरून शेटकारांच्याच घरी घेऊन गेले. पाहुण्यांसाठी म्हणून मंजुश्रीनं कपाटात जपून ठेवलेल्या निळ्या फुलांच्या कपात त्यांना चहा दिला. वीस वर्षांत शेटकारांना त्या कपाला हात लावू दिलेला नव्हता. चहा चांगला होता. तो चांगला असावा याचाही त्यांना राग आला.

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?" बिरादार म्हणाले. "पहाटे उठायची सवय लागलेली. आता उठून करायचं काय? म्हणून ऑफिसची किल्ली मागून घेतली शिपायाकडून. आजपासून मीच उघडणार."

आणि खरंच, दहाच्या आधी बिरादार टेबलावर. केस विंचरलेले, शर्ट आत. वर्षाराणी मॅडम आल्या आणि थबकल्या. "बिरादार सर! आज इतक्या लवकर? बरं आहे ना सगळं?" आणि काळजीपोटी त्यांनी थर्मास उघडला. लेट आला तर चहा, लवकर आला तर चहा. शेटकारांना कुणीही काही विचारलं नाही, कारण शेटकार तर वेळेवर येतातच.

पुढचे तीन महिने असे गेले की शेटकारांचा रेल्वेवरचा विश्वास उडाला. वर्षानुवर्षं जी गाडी रडतखडत यायची ती आता घड्याळ लावल्यासारखी वेळेवर. डब्यातले लोक खूश होऊन पेढे वाटायच्या गोष्टी करू लागले. एक जण तर म्हणाला, "शेटकारांचा पायगुण चांगला." शेटकारांच्या पाळ्या गरम झाल्या.

संध्याकाळीही तेच. गाडी वेळेवर उदगीरला पोचायची, शेटकार दिवेलागणीच्या आधी घरी आणि गुरुबसप्पा दुकानाच्या फळीवरून हाक मारायचे, "आले का जावईबापू? बसा जरा गल्ल्यावर. मी लिंगपूजा करून येतो." ती पूजा दोन तास चालायची. शेटकार तूरडाळ मोजायचे, साबण द्यायचे, पाव किलो शेंगदाणे पुडीत बांधायचे. महामंडळाच्या आस्थापनेचा माणूस! एका गिऱ्हाइकानं सरळ विचारलं, "मल्लम्माकाकू, घरजावई आणला का?"

"घरजावई न्हाई रे," मल्लम्मा आतून अभिमानानं म्हणाल्या, "रेल्वेजावई हाय माझा. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. ऊटा आयता, संगमेश्वर? जेवला का न्हाई?"

'रेल्वेजावई' हे नाव आठवड्यात सगळ्या बाजारपेठेत झालं. मंजुश्री मात्र फुललेली. देवळात बायका तिला म्हणायच्या, बाई, नवरा असावा तर असा. तिच्यासमोर शेटकार तोंड उघडू शकत नव्हते.

एका मंगळवारी त्यांचा धीर सुटला. गाडी वेळेवर लातूरला पोचली. शेटकार उतरले आणि फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले. एक तास बसले. मग केस हातानं विस्कटले, शर्टाचं एक टोक बाहेर काढलं आणि रिक्षा करून ऑफिसात गेले. खुर्चीत बसले नाहीत, पडले.

"गाडी लेट," ते डोळे मिटून म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून स्वतःच.

वर्षाराणी मॅडमनी मोबाईल उचलला. "लेट? थांबा सर, बघते. अ‍ॅपवर तर वेळेवर आली दिसतेय. दोन मिनिटं आधीच."

"अ‍ॅपचं काय खरं असतं," शेटकार म्हणाले.

"नाही सर, लई बरोबर असतं. बिरादार सरांनीच टाकून दिलं मला."

आतून साहेबांचा आवाज आला. "शेटकार, जरा आत या. आणि शर्ट आत खोचून या."

आत काय झालं ते शेटकारांनी कुणाला सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या नावानं पहिला खुलासा जमा करायचा होता आणि तो त्यांनाच फाईलला लावायचा होता. चौदा वर्षं ती फाईल कोरी होती.

बस्स झालं. त्याच दुपारी त्यांनी ठरवलं, बिरादारांना सांगायचं, आम्ही परत येतो, घर मोकळं करा. जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या गल्लीत गेले. दार सृष्टीनं उघडलं. बिरादारांची ही मुलगी बारीकशी, कानामागं पेन्सिल खोचलेली. कोपऱ्यातल्या खोलीत, जिथं शेटकार रविवारी दुपारी झोपायचे, तिथं भिंतभर कागद चिकटवलेले. पेशी, हाडं, रक्ताभिसरण.

"काका, या न! पप्पा जेवून आत्ताच गेले. बसा." तिनं पंखा लावला. "तुमच्या या खोलीत लई शांत वाटतंय. आधी संध्याकाळची गाडी वाटेत रखडायची, पप्पा रात्री घरी यायचे तव्हा मी झोपलेली असायची, सकाळी उठायचे तव्हाबी झोपलेलीच. आता रोज रात्री प्रश्न विचारतात मला. उत्तर त्यांना म्हाईत नसतं, पण विचारतात." ती हसली. "तुम्हाला काही काम होतं का?"

शेटकार रक्ताभिसरणाकडं बघत राहिले. "काही नाही," ते म्हणाले. "नळाचं पाणी नीट येतंय ना, ते बघायला आलो होतो."

"आज आठ दिवसांनी येणार हाय."

"मग भरून ठेवा," असं म्हणून ते आले तसे निघाले. स्वतःच्या घराच्या फाटकाशी क्षणभर थांबले, कडी नीट लावली. त्यांना बिरादारांचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटत होता आणि आता तर त्याबद्दल काही करताही येत नव्हतं.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

उदगीरलाच डब्यात एक वऱ्हाड चढलं. लग्न लातूरला, दुपारच्या मुहूर्ताचं. पुढच्या एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा नवरदेव फोनवर नवरीशी बोलायला म्हणून खाली उतरला. वऱ्हाडासमोर बोलायची लाज. बोलता बोलता तो फलाटाच्या टोकाला गेला आणि गाडी निघाली. नवरदेवाच्या मामानं साखळी ओढली. गाडी कचकचून थांबली, ती स्टेशनाच्या पुढं शेताच्या मधोमध.

गार्ड आला, मामा उतरला. दोघांची बोलाचाली सुरू झाली. मामाचं म्हणणं, नवरदेवाशिवाय वऱ्हाड कसलं? गार्डचं म्हणणं, रेल्वेला वऱ्हाड म्हाईत नाही, तिकिटं म्हाईत आहेत. इकडं नवरदेवाला वाटलं, गाडी गेलीच. म्हणून तो एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून पुढच्या स्टेशनाकडं सुटला. म्हणजे गाडी नवरदेवासाठी थांबलेली आणि नवरदेव गाडीच्या पुढं गेलेला. तासाभरानं त्याचा फोन आला, "मी इथं पोचलो, तुम्ही कुठाय?" तोवर रूळ एकेरी असल्यानं या गाडीची पाळी गेली होती. समोरून एक मालगाडी आली, मग एक एक्स्प्रेस, मग पुन्हा मालगाडी.

डब्यातले लोक खाली उतरून बाभळीखाली बसले. वीरेश कपाळाला हात लावून होता. एक जण वऱ्हाडाला शिव्या घालत होता, एक जण रजा मोजत होता. आणि शेटकार? शेटकार धपाटे खात होते. इतके चवदार धपाटे त्यांनी जन्मात खाल्ले नव्हते. सासूबाईंच्या हाताला चव आहे हे त्यांना त्या शेतात कळलं. त्यांनी वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना चटणी वाटली, मामाची समजूत काढली, एका लहान मुलाला मालगाडीचे डबे मोजून दाखवले. मध्येच त्यांनी ऑफिसात फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. 'काळजीत असतील,' ते मनाशी म्हणाले.

गाडी निघाली, नवरदेवाला घेतलं, लातूर रोडला आणखी एकदा क्रॉसिंगसाठी थांबली. लातूर आलं तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. या वेळी शेटकारांना केस विस्कटावे लागले नाहीत. शर्ट आपोआप बाहेर आला होता. रिक्षात बसून त्यांनी वाक्य तयार केलं : "नवरदेव राहिला होता मॅडम, नवरदेव!" एवढंच म्हणायचं आणि खुर्चीत पडायचं. पुढचं त्या विचारतील.

ते दारात उभे राहिले. ऑफिसात एकाही टेबलावर माणूस नव्हता. सगळे मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून बसले होते, भिंतीला फुलांची माळ, टेबलावर पेढ्यांचा डबा. साहेब उभे राहून बोलत होते. त्यांच्या शेजारी खांद्यावर शाल, हातात नारळ घेऊन बिरादार उभे होते.

"... वरिष्ठ कार्यालयाच्या नव्या योजनेत," साहेब सांगत होते, "तिमाहीतला सर्वांत वक्तशीर कर्मचारी म्हणून आपल्या जिल्ह्यातून श्री. बिरादार यांची निवड झाली. एकही दिवस उशीर नाही. दहाच्या आत हजर. ही साधी गोष्ट नव्हे." टाळ्या झाल्या. तेवढ्यात साहेबांची नजर दाराकडं गेली. सगळ्यांच्या माना वळल्या. विस्कटलेले केस, बाहेर आलेला शर्ट, शेताची माती लागलेल्या चपला.

"या, शेटकार," साहेब म्हणाले. "बरं झालं आलात. यांच्याकडून शिकण्यासारखं आहे काहीतरी."

शेटकारांचं नवरदेवाचं वाक्य राहूनच गेलं. ते मागच्या खुर्चीवर बसले आणि टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या, शेवटी वर्षाराणी मॅडमनी त्यांच्याकडं वळून पाहिलं तेव्हा थांबल्या. फोटो निघाला. फोटोत ते कडेला आहेत, अर्धे.

लोक पांगले. मॅडमचा थर्मास रिकामा झाला होता. शेटकार आपल्या टेबलावर येऊन बसले आणि हजेरीच्या संगणकाकडं बघायचं धाडस होईना म्हणून टाचण्यांची डबी नीट लावत राहिले. चौदा वर्षं! त्या चौदा वर्षांत कुणालाच ही योजना सुचली नव्हती.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बिरादार समोर बसले होते, शाल अजून खांद्यावर, हातात पेढ्याची बशी.

"साहेब," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "क्रॉसिंग कुठं लागलं?"

शेटकारांनी मान वर केली.

"दोनदा. एकदा शेतात, एकदा लातूर रोडला."

"शेतात? शेतात कशाला थांबंल ती?"

"नवरदेव खाली राहिला. मामानं साखळी ओढली."

बिरादारांनी बशी टेबलावर ठेवली. मग नारळही खाली ठेवला. मग खुर्ची आणखी पुढं ओढली. "सगळं सांगा," ते म्हणाले. "पयल्यापासून."

शेटकारांनी सांगितलं. उदगीरपासून सांगितलं. बिरादार मध्ये मध्ये जाणकारासारखं विचारत होते : मालगाडी भरलेली का रिकामी, गार्ड म्हातारा का तरणा, वीरेश काय म्हणाला, पत्ते खेळले का न्हाई. दूधवाल्याच्या मोटरसायकलवर नवरदेव पुढं गेला हे ऐकताना त्यांच्या खांद्यावरची शाल घसरून जमिनीवर पडली आणि ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"बारा वर्षं अप-डाऊन केलं मी," ते शेवटी म्हणाले. "म्हशी झाल्या. मालगाड्या झाल्या. एकदा इंजिनच बदलावं लागलं. पण नवरदेव न्हाई, साहेब. माझ्या वाट्याला नवरदेव कव्हाच आला न्हाई." त्यांनी बशीतले पेढे सारखे केले. मग खाली बघत, जणू सहज, विचारलं, "एकंदर किती लेट झाली म्हणायची? मला सगळ्यात जास्त साडेतीन तास लागले होते एकदा. तुमची... चार तास झाली आसंल?"

त्या आवाजात काहीतरी होतं. शेटकारांनी ते लगेच ओळखलं. त्यांनी बिरादारांच्या कानांकडं निरखून पाहिलं. पाळ्या लाल झाल्या होत्या.

शेटकारांनी बशीतला पेढा उचलला, निम्मा तोंडात टाकला, सावकाश चघळला.

"चार?" ते म्हणाले. "साडेचार."